बरोक संगीताला स्वतःची संध्याकाळ हवी: मैफलींची आखणी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कार्यक्रम निवड समित्यांचे सर्व सदस्य,
पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली, मुंबई, पुणे आणि गोवा

विषय : मैफलींच्या आखणीत बरोक संगीताला मिळणारी जागा

सप्रेम नमस्कार.

आपण आखलेल्या मैफली मी अनेक वर्षे तिकीट काढून ऐकत आले आहे आणि त्या होत राहतात याबद्दल मनापासून आपले ऋण मानते. सभागृह मिळवणे, देणगीदार शोधणे, बाहेरचे वादक वेळेवर इथे आणणे ही यातायात किती असते याची मला कल्पना आहे. तरीही एका गोष्टीविषयी जाहीरपणे लिहिणे आता गरजेचे वाटते. आपल्या मैफलींचा एक साचा पडून गेला आहे. आरंभी दहा-बारा मिनिटांची एखादी बरोक रचना, मग मोझार्टचा किंवा बेथोव्हनचा कन्चेर्टो (एका किंवा अधिक वादकांना पुढे ठेवणारी वाद्यवृंदाची रचना), मध्यंतर, आणि मग ज्यासाठी लोक आलेले असतात ती सिंफनी, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना. नाताळ जवळ आला की हँडेलच्या 'मेसाया'तला हालेलुया कोरस होतो, अधूनमधून विवाल्दीचे 'चार ऋतू' होतात, आणि साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या संगीताचा हिशेब तेवढ्यावर मिटतो. बरोक श्रेष्ठ की त्यानंतरचे हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हन यांचे क्लासिकल काळातील संगीत श्रेष्ठ, हा वाद आपण कधी उघडपणे घातलेला नाही, पण या साच्याने त्याचा निकाल परस्पर लावून टाकला आहे. तो निकाल मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र आहे.

वाद नवा नाही. बरोकचा सर्वांत थोर रचनाकार बाख हयात असतानाच, १७३७ साली, योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने त्याच्यावर लेखणी चालवली होती. बाखच्या संगीतात सगळेच आवाज एकाच वेळी तितक्याच अवघडपणे चालतात, त्यामुळे मुख्य आवाज कोणता तेच कळत नाही. अलंकारसुद्धा तो स्वतःच लिहून टाकतो, त्यामुळे चाल झाकली जाते. कलेचा अतिरेक सौंदर्यावर सावली धरतो, अशी त्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी बिर्नबाउम या लाइपझिगच्या प्राध्यापकाने बाखच्या बाजूने उत्तर दिले. १७५३ मध्ये रूसोने फ्रेंच संगीतावर लिहिताना याच दिशेचा आग्रह धरला, की कानाला एका वेळी एकच चाल पोहोचली पाहिजे. ही टीका मूर्खपणाची मुळीच नव्हती. एका पिढीला सुटसुटीत, गाती, एका दमात ध्यानात राहील अशी चाल आणि तिच्याखाली हलकी साथ हवी होती, आणि त्या मागणीतूनच पुढे व्हिएन्नाचे थोर संगीत उभे राहिले. माझी हरकत एवढीच आहे की शायबेची ती आवड आपण नकळत निसर्गनियम मानली, आणि तिच्या आधीचे सगळे म्हणजे तिची पूर्वतयारी असे समजू लागलो.

क्लासिकल काळाने नेमके काय कमावले, हे आधी मान्य करते. मोझार्टची ४० वी सिंफनी घ्या. ती २५ जुलै १७८८ रोजी पुरी झाली. आपल्याकडे ती ज्यांनी कधी ऐकली नाही त्यांच्याही कानात तिची सुरुवात आहे, कारण सलील चौधरी यांनी १९६१ साली याच चालीवरून लता मंगेशकर आणि तलत महमूद यांचे एक अतिशय लोकप्रिय युगुलगीत बांधले. पण पहिल्या भागाचा खरा आघात त्या गाजलेल्या चालीत नसून दुसऱ्या चालीत आहे. ती प्रथम येते तेव्हा जी मायनर ही मूळची उदास स्वरपट्टी सोडून बी फ्लॅट मेजर या उजळ पट्टीत येते. तंतुवाद्ये आणि फुंकवाद्ये ती एकमेकांच्या हातातून घेत राहतात, आणि अस्वस्थ सुरुवातीनंतर थोडा श्वास घेतल्यासारखे होते. पुढे मधल्या भागात पहिली चाल लांबलांबच्या स्वरांत फिरवली जाते, मोडली जाते, आणि सगळे पुन्हा मूळ जागी आल्यावर ती दुसरी चाल परत भेटते. या वेळी ती मेजरमध्ये नसते. तीही जी मायनरमध्ये उतरलेली असते. चाल तीच, वळणे बहुतांशी तीच, पण मघाचा दिलासा काढून घेतलेला. ऐकणाऱ्याला आधीचे आठवत असते म्हणूनच हे दुःख उमटते. स्मरणाचा असा वापर, एका भावातून दुसऱ्या भावात जाणे, परतताना बदललेले असणे, हे सोनाटा या बांधणीने संगीताला दिलेले दान आहे आणि ते बरोककडे या स्वरूपात नव्हते. ज्यांना बेथोव्हन बाखपेक्षा जवळचा वाटतो त्यांना बहुधा हेच हवे असते, आणि त्यात गैर काही नाही.

बरोकची वाट वेगळी आहे. त्या काळच्या रचनाकाराची सर्वसाधारण धारणा अशी की एका भागाने एकच भाव धरावा आणि तो शेवटपर्यंत सोडू नये. हे वाचून ते एकसुरी असेल असे वाटते, आणि दहा मिनिटांच्या आरंभीच्या तुकड्यात ते तसे वाटूही शकते. पण हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड इनीअस' या ऑपेरातील शेवटचा विलाप लक्ष देऊन ऐका. या ऑपेराचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग १६८९ च्या सुमारास लंडनजवळ चेल्सी येथील मुलींच्या शाळेत झाला. विलाप सुरू होतो तो फक्त खर्जातल्या वाद्यांनी. पाच मापांची एक ओळ, जी षड्जापासून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरत पंचमापर्यंत जाते आणि मग षड्जावर येऊन थांबते. ही ओळ संपूर्ण विलापभर पुनःपुन्हा येत राहते. आपल्याकडे एकल तबलावादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा चालू असतो, आणि त्याच्या आवर्तनावर तबलजी आपले कायदे आणि रेले मांडतो. तसाच हा आधार समजा. फरक असा की लेहरा काळ मोजून देतो आणि स्वतः बाजूला राहतो, तर पर्सेलची ही खर्जातली ओळ स्वतःच शोक करते. तिच्यावर राणी डायडो गाते ती आवर्तनाच्या चौकटीत बसून गात नाही. तिचे वाक्य ओळीच्या मध्यावर संपते, पुढचे वाक्य ओळ संपायच्या आत सुरू होते, दोन्हींच्या समा चुकत राहतात. मला विसरू नका, एवढे शब्द ती एकाच सुरावर, जवळजवळ बोलल्यासारखे, उच्चारते. खाली ती ओळ मात्र आपल्या गतीने उतरतच असते. तिचे गाणे थांबते तेव्हा वरची तंतुवाद्येही तशीच अर्ध्या सुरांनी उतरू लागतात. या साऱ्यात कोणताही प्रवास नाही, परत येणे नाही, विरोधी भावाशी झगडा नाही. जे ठरलेले आहे ते ठरलेलेच राहते, आणि माणूस त्याच्यावर आपले वाक्य वेगवेगळ्या जागी ठेवून पाहतो. मोझार्टची बांधणी हे सांगू शकली नसती. ती वेगळे काही सांगण्यासाठी घडलेली आहे.

दुसरे उदाहरण बाखच्या चाकोनचे. व्हायोलिनसाठीच्या डी मायनर पार्टिटाचा, म्हणजे नृत्यांच्या मालिकेचा, हा शेवटचा भाग; बाखच्या स्वतःच्या अक्षरातली सुवाच्य प्रत १७२० ची आहे. साथीला कोणी नाही, तबकडी लावून ऐकताना आधी हेच विसरायला होते. चार मापांची एक चौकट साठांहून अधिक वेळा येते आणि प्रत्येक वेळी तिच्यात दुसरेच काही घडते: कधी तीन-चार तारांवर एकदम घेतलेले जाड सूर, कधी धावती एकेरी ओळ, कधी एकाच गजात दोन आवाजांचा संवाद. मध्यावर डी मायनरचे डी मेजर होते. तो क्षण कोणतीही गाजावाजाची तयारी न करता येतो, हळू आवाजात, अगदी साध्या सुरांनी, आणि मग त्याच सुरांतून जणू तुताऱ्या आणि नगारे उभे राहतात. पुढे पुन्हा मायनर. व्हायोलिनवर चार आवाज एकसंध सलग वाजू शकत नाहीत. बाख त्यातले काही सूर प्रत्यक्ष वाजवायला देतो आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या कानाने पुरे करावेत यावर भिस्त ठेवतो. ब्राम्सने या रचनेचे पियानोसाठी रूपांतर केले तेव्हा ते फक्त डाव्या हातासाठी केले, कारण दोन हात मिळाले की ती ओढ, ती अडचण नाहीशी होते हे त्याने ओळखले होते. पंधरा मिनिटांच्या आसपास चालणारा हा एक भाग, माझ्या मते, पुढच्या शतकातल्या कितीतरी तासाभराच्या सिंफन्यांच्या पुढे जातो. हे मत आहे, आणि मी ते जबाबदारीने मांडते आहे.

इथे एक खुलासा. बरोक आपल्या रागसंगीतासारखे आहे आणि म्हणून ते आपल्याला लवकर कळेल, अशी सोपी शिफारस मी करणार नाही. आपल्याकडे षड्ज स्थिर आहे, तिकडे खर्जातला सूर सतत चालतो आणि वरच्या सुरांचा अर्थ बदलत राहतो. ही दोन वेगळी जगे आहेत. पण एका भावात राहून त्याचे अंतरंग उलगडत जाण्याची सवय ज्या कानांना विलंबित ख्यालाने लावली आहे, ते कान पर्सेलच्या किंवा बाखच्या पुढ्यात अनोळखी ठरत नाहीत, एवढे मात्र मला मराठी श्रोत्यांमध्ये वावरताना दिसले आहे.

वादकाच्या वाट्याला काय येते, हाही या तुलनेतला मोठा मुद्दा आहे आणि मैफलीच्या आखणीशी तो थेट जोडलेला आहे. बरोक रचनेत हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य) वाजवणाऱ्यापुढे बहुधा फक्त खर्जाची ओळ आणि तिच्याजवळ काही आकडे असतात. वरचे सूर त्याने तिथल्या तिथे भरायचे असतात. कोरेल्लीचे व्हायोलिन सोनाटे (इथे सोनाटा म्हणजे बांधणी नव्हे, वाद्यासाठीची स्वतंत्र रचना) १७०० साली रोममध्ये छापले गेले तेव्हा त्यांचे संथ भाग जवळजवळ उघडे होते, म्हणजे नुसते मुख्य सूर. दहाएक वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाने कोरेल्ली स्वतः हे भाग कसे सजवून वाजवतो ते दाखवणारी आवृत्ती काढली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की छापील कागद आणि मैफल यांत किती अंतर अपेक्षित होते ते लख्ख दिसते. क्लासिकल काळातही वादक उत्स्फूर्त वाजवत. मोझार्ट आणि बेथोव्हन दोघेही त्यात निष्णात होते. पण कल हळूहळू रचनाकाराच्या बाजूने झुकत गेला. बेथोव्हनने १८०९ मध्ये लिहिलेल्या पाचव्या पियानो कन्चेर्टोच्या पहिल्या भागात तर स्पष्ट सूचनाच आहे की इथे वादकाने स्वतःचा कॅडेन्झा, म्हणजे एकट्याने उत्स्फूर्त वाजवण्याचा तुकडा, वाजवू नये, पुढे लिहिले आहे तेच लगेच घ्यावे. या बदलाने सिंफनीला अखंडता दिली. त्याचबरोबर वादकाच्या हातून काही गेलेही.

आता या गोष्टीचा आपल्या सभागृहात काय परिणाम होतो ते सांगते. एका मैफलीत बाखचा तिसरा ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो पहिल्या क्रमांकावर होता. ही रचना तीन व्हायोलिन, तीन व्हिओला, तीन चेलो आणि खर्जाची साथ एवढ्यांसाठी आहे. नऊ जण नऊ वेगळ्या ओळी वाजवतात आणि एकच स्वरवाक्य त्यांच्यात उजवीकडून डावीकडे फिरते, हे पाहण्यातही आनंद असतो. तिथे मात्र पुढच्या सिंफनीसाठी बसलेला संपूर्ण तंतुवाद्यवृंद एकत्र वाजवत होता. नऊ माणसांचे बोलणे जमावाचे झाले होते. या कन्चेर्टोचा मधला भाग म्हणजे कागदावर फक्त दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे दोन स्वरसमूह. कोणीतरी, हार्पसिकॉर्डवर किंवा व्हायोलिनवर, त्या दोन कॉर्डांभोवती काही क्षण स्वतःचे वाजवावे यासाठी ती जागा मोकळी आहे असे मानण्यास पुरेपूर आधार आहे. त्या रात्री ते दोन कॉर्ड कोरडे वाजले, आणि लगेच तिसरा भाग सुरू झाला. मध्ये उशिरा आलेले प्रेक्षक आपापल्या खुर्च्या शोधत होते. अशा रीतीने ऐकवलेले संगीत ऐकून कोणाचे मत झाले की बरोक म्हणजे नीटनेटके, तालबद्ध आणि थोडे कंटाळवाणे, तर दोष त्या श्रोत्याचा नाही.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. आपण ज्याला मैफलीची नैसर्गिक रचना समजतो, म्हणजे मोठे सभागृह, मोठा वाद्यवृंद, समोर संचालक, आणि शिखरस्थानी सिंफनी, ती रचना क्लासिकल आणि त्यानंतरच्या काळात, त्याच संगीताच्या मापाने घडली. हायडन १७९१ मध्ये लंडनला आला तो तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसाठी सिंफन्या घेऊन. बाखची कन्टाटा (गायक आणि वादक यांची धार्मिक रचना) लाइपझिगच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेचा भाग होती, ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो दरबारी वादकांसाठी होते, विवाल्दीचे कितीतरी संगीत व्हेनिसच्या पिएता या अनाथालयातील मुलींनी वाजवले. सार्वजनिक मैफलींचे सभागृह युरोपभर रुजले तोवर यातले बरेचसे कपाटात गेलेले होते. बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' १७२७ मधले. मेंडेलसोनने ते बर्लिनमध्ये १८२९ साली पुन्हा उभे केले तेव्हा मधल्या काळात लाइपझिगबाहेर ते जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते. विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात वारला आणि त्याच्या हस्तलिखितांचे मोठे भांडार थेट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तुरीनमध्ये उजेडात आले. म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणारी यादी तयार झाली तेव्हा एका बाजूचे साक्षीदार हजरच नव्हते. त्या यादीचा क्रम आपण आजही, अरबी समुद्राच्या काठावर, जसाच्या तसा चालवतो आहोत.

खुद्द व्हिएन्नाच्या रचनाकारांनी असा क्रम लावला नव्हता. १७८२ मध्ये मोझार्ट वडिलांना कळवतो की दर रविवारी दुपारी तो बॅरन फान स्वीटन यांच्या घरी जातो आणि तिथे हँडेल आणि बाख यांच्याखेरीज दुसरे काही वाजत नाही. त्यानंतर त्याच्या लिखाणात फ्यूगची, म्हणजे एकच स्वरवाक्य एकामागून एक आवाजांनी उचलत जाण्याच्या बांधणीची, जाणीव वेगळ्याच गांभीर्याने येते. १० ऑगस्ट १७८८ रोजी पूर्ण झालेल्या ४१ व्या सिंफनीच्या अखेरीस पाच स्वरवाक्ये एकाच वेळी एकमेकांवर रचली जातात, त्याची मुळे त्या रविवारांत आहेत असे मी मानते. १७८९ मध्ये त्याने 'मेसाया'ची स्वतःची वाद्यरचना केली. हायडनने १७७२ च्या सहा चौकड्यांपैकी (चौकडी म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना) तीन फ्यूगने संपवल्या. बेथोव्हन बॉनमध्ये अकरा-बारा वर्षांचा असताना त्याचा गुरू नेफे याने छापून सांगितले की हा मुलगा बाखचे 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर', म्हणजे प्रिल्यूड आणि फ्यूग यांचा संग्रह, बहुतेक सगळे वाजवतो. तोच बेथोव्हन १८२६ मध्ये सी शार्प मायनर चौकडीची सुरुवात एका संथ, गाभ्याला हात घालणाऱ्या फ्यूगने करतो. शायबेच्या मते जे मागे टाकायचे होते, त्याकडे हे तिघे आयुष्याच्या ऐन भरात पुन्हा वळले.

याच न्यायाने आमच्या बरोकप्रेमी मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. हायडन म्हणजे राजवाड्यातली करमणूक, मोझार्ट म्हणजे गोड, असे बोलणे त्यांच्यात सर्रास चालते आणि ते अन्यायाचे आहे. १७८१ च्या एका चौकडीत हायडन शेवटची चाल तुकडे करून, मध्ये शांतता ठेवून वाजवतो. संपले असे वाटून टाळ्या पडू लागाव्यात आणि संगीत पुन्हा सुरू व्हावे, असे तो दोन-तीनदा करतो आणि खरा शेवट अशा जागी करतो की तो शेवट वाटतच नाही. श्रोत्याच्या अपेक्षेशी असा लपंडाव खेळायला संगीताचे व्याकरण सगळ्यांना पाठ असावे लागते, वाक्य कुठे संपणार हे आधी कळावे लागते. क्लासिकल काळाने ते सामाईक व्याकरण घडवले. बाखमध्ये खोली आहे, विस्तार आहे, आनंदही अपार आहे. पण ही मिश्कील, समोरच्याला बरोबरीने वागवणारी विनोदबुद्धी मला त्याच्यात फारशी आढळत नाही.

आपल्याकडून येऊ शकणाऱ्या हरकतींचा मी विचार केला आहे. पहिली, श्रोते येणार नाहीत. मोठ्या सभागृहाच्या खुर्च्या भरणार नाहीत हे खरे. पण त्या भरायचे कारणच नाही. बरोकचा बराचसा भाग शंभर-दोनशे माणसांच्या दालनात अधिक चांगला ऐकू येतो, आणि तिथे वादकही सहा-आठ पुरतात, म्हणजे खर्चही त्याच मापाचा. मुंबईत छोटी नाट्यगृहे आहेत, पुण्यात संस्थांची सभागृहे आहेत. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या माउंटच्या कापेलात (छोट्या चर्चमध्ये) भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा महोत्सव होत आला आहे, आणि दगडी भिंती व उंच छत यांच्यात आवाज कसा फुलतो हे तिथे गेलेल्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी हरकत वाद्यांची. हार्पसिकॉर्ड आपल्याकडे दुर्मीळ आहे, मुंबईच्या दमट हवेत त्याचा सूर टिकत नाही, आतड्याच्या तारा तर त्याहून नाजूक. ही अडचण खरी असली तरी निर्णायक नाही. बाखने स्वतः विवाल्दीचा चार व्हायोलिनांचा कन्चेर्टो उचलून चार हार्पसिकॉर्डांसाठी लिहिला. वाद्य बदलले म्हणून रचना नष्ट होते असे त्या काळी कोणी मानत नव्हते. आजची व्हायोलिन, आजचा पियानोसुद्धा चालेल. वादकांची संख्या आवरलेली हवी, गज हलका हवा, नृत्याच्या लयींना नृत्यासारखे उचलणारा हात हवा, आणि मोकळ्या जागा भरण्याची मुभा हवी. जुन्या वाद्यांचा आग्रह धरणाऱ्या चळवळीने, १९५३ मध्ये व्हिएन्नात हार्नोनकोर्ट यांनी आपला वाद्यमेळ स्थापन केल्यापासून, जगाला पुष्कळ शिकवले आहे. पण त्यातली शिकवण घ्यायला विमानाने वाद्ये आणण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट हरकत नाही, पण ती आपल्या हातात आहे म्हणून लिहिते. आपल्यापैकी अनेक जण शिक्षकही आहेत. परदेशी मंडळांच्या ग्रेड परीक्षा देणारी आपली मुले बाख शिकतात ती बहुधा बोटांचा व्यायाम म्हणून. मग वरच्या ग्रेडला 'खरे' संगीत म्हणून बेथोव्हनचा सोनाटा हाती येतो. बाखने १७२३ मध्ये आपल्या इन्व्हेन्शन्स या छोट्या शिकवणीच्या रचनांच्या मुखपृष्ठावर त्यांचा हेतू लिहून ठेवला आहे: दोन आणि तीन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावे, चांगल्या कल्पना सुचाव्यात आणि त्या फुलवाव्यात, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाते वाजवण्याची रीत अंगी यावी, आणि रचनेची गोडी लागावी. गाते वाजवणे ही त्याची पहिली अट होती. आपल्या मुलांना ती अट सांगा. डावा हात उजव्याचा नोकर नाही, दोघेही गाणार आहेत, हे आठव्या-नवव्या वर्षी कळले तर पुढे मोझार्टही त्यांना अधिक कळेल. गोव्यातल्या पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आधी गायला आणि मग व्हायोलिन धरायला शिकवले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद ज्यांच्या हातांवर उभे राहिले त्या वादकांमागे ते शिक्षण होते. ती परंपरा आपल्याच अंगणातली आहे.

मागणी माझी मोजकी आहे. वर्षातून निदान दोन संध्याकाळी पूर्णपणे बरोकला द्या, लहान दालनात, संचालकाशिवाय, आणि मध्यंतरानंतर सिंफनी न ठेवता. आणि वर्षातून एक संध्याकाळ अशी करा की दोन्ही काळ समोरासमोर येतील, पण उलट्या प्रकाशात. तिचा आराखडा मी सुचवते. आरंभी हायडनची १७७२ मधील एफ मायनर चौकडी, जिचा शेवट फ्यूगने होतो. त्यानंतर दोमेनिको स्कार्लाटीचे चार-पाच सोनाटे. हा बाख आणि हँडेल यांच्याच वर्षी, १६८५ मध्ये जन्मलेला, लिस्बनच्या राजकन्येचा शिक्षक, आणि साडेपाचशेहून अधिक सोनाट्यांतून त्याने जो धीटपणा दाखवला तो आपल्या श्रोत्यांना अद्याप पुरता माहीत नाही. मग पर्सेलचा विलाप, गायिका आणि पाच वादकांसह. मध्यंतर घ्या. शेवटच्या मानाच्या जागी, व्यासपीठावर एकच व्हायोलिनवादक किंवा वादिका, आणि चाकोन.

त्या संध्याकाळसाठी मराठीतून छोटे निवेदन आणि छापील टिपण हवे असेल तर ते मी विनामोबदला लिहून देईन, आणि पहिल्या दोन मैफलींसाठी माझ्या परिचयातील श्रोत्यांची आगाऊ तिकिटे काढण्याची जबाबदारीही घेईन. येत्या हंगामाची आखणी करताना आपल्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो कळवावा, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली नम्र,
पाश्चात्त्य संगीताची एक नियमित श्रोती